बातमीची किंमत



छावणीला लागूनच नागसेनवनाचा परिसर आहे. १९५० साली डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी या शहरात महाविद्यालय सुरू केले, ते येथेच बहरले. त्याआधी कितीतरी वर्षे, १९२० साली 'मूकनायक' आणि १९२७ साली 'बहिष्कृत भारत' ही पत्रे त्यांनी काढली होती. ज्या समाजाची बातमी कोणी छापत नाही, त्याला आधी स्वतःचे पत्र लागते आणि ते समजून वाचण्यासाठी विद्या लागते, हे त्यांनी ओळखले होते.

मराठवाड्यात बातमी कधीच सुखासुखी हाती आली नाही. आ. कृ. वाघमारे यांनी १९३८ साली 'मराठवाडा' हे पत्र काढले, ते निजामी हद्दीबाहेर, पुण्यातून. १९७५ साली आणीबाणी आली, वृत्तपत्रांवर नियंत्रण बसले आणि त्याच 'मराठवाडा'चे संपादक अनंत भालेराव यांना कारावास घडला. त्या काळात चक्रमुद्रित पत्रके हातोहात फिरत. पत्रक पोहोचवणारा तरुण पकडला गेला, तर तुरुंग ठरलेला. म्हणूनच ते कोणाकडून आले आणि कोणाच्या हाती द्यायचे, याचा तो दहा वेळा विचार करी. बातमीची किंमत तो स्वतः मोजत होता.

आज महाविद्यालयीन तरुण बातमी शोधत नाही. बातमीच त्याला शोधत येते. बोट ज्या चित्रफितीवर थांबले, तशाच आणखी दहा चित्रफिती भ्रमणध्वनी पुढ्यात आणून ठेवतो. आवडीलाच सत्य मानण्याची सवय अशी नकळत जडते. पुढे पाठवायला तर एक क्षण पुरतो. पाठवणाऱ्याला त्याची काहीच किंमत मोजावी लागत नाही.

ती दुसराच कोणी मोजतो. १ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्यातील राईनपाडा येथे मुले पळवणारी टोळी समजून जमावाने पाच जणांना ठार केले. ते मंगळवेढ्याकडचे नाथपंथी डवरी गोसावी होते. भिक्षा मागून पोट भरणारे. १६ एप्रिल २०२० रोजी पालघर जिल्ह्यातील गडचिंचले येथे दोन साधू आणि त्यांचा वाहनचालक अशाच अफवांच्या वातावरणात मारले गेले. राईनपाड्यानंतर त्याच महिन्यात व्हॉट्सॲपने भारतात एक संदेश एका वेळी पाचच ठिकाणी पाठवता येईल, असे बंधन घातले. परंतु यंत्राचे बंधन विवेकाची जागा घेऊ शकत नाही.

उपाय अवघड नाही. हे कोणी सांगितले, कोठे घडले, केव्हा घडले, हे तीन प्रश्न प्रत्येक संदेशाला विचारावेत. रोज एक वृत्तपत्र संपूर्ण वाचावे. अधूनमधून न पटणारेही वाचावे. घरी जेवणाच्या वेळी एखाद्या बातमीची चर्चा व्हावी. संदेश आपल्या बाजूचा वाटला, तर तो अधिक कसून तपासावा; कारण मोह तेथेच असतो.

आणीबाणीतल्या त्या तरुणाच्या हाती एकच कागद होता, पण त्याची जबाबदारी त्याने पत्करली होती. आजच्या तरुणाच्या हाती सारे जग आहे. जबाबदारी तेवढीच मोठी आहे.