‘ढ’ कोणाला म्हणावे?

शाळेत ज्या मुलाला काही येत नाही त्याला आपण ‘ढ’ म्हणतो. का म्हणतो? तर अशोकाच्या शिलालेखांपासून आजपर्यंत सगळी अक्षरे बदलली, ढ मात्र होता तसाच राहिला. म्हणून जो बदलत नाही, शिकत नाही, तो ढ, असे गमतीने सांगतात. गंमत असेल, पण शिक्का फार पक्का बसतो. आमच्याकडे मानसशास्त्रीय चाचणीसाठी येणारी पुष्कळशी मुले हा शिक्का घेऊनच दार उघडतात.

अशाच एका 10 वर्षांच्या मुलाची हकीकत सांगतो. ओळख पटू नये इतपत तपशील बदलले आहेत. मुलगा चौथीत. वडिलांचे सायकल-दुरुस्तीचे दुकान. वाचायला बसवले की याचे पोट दुखायचे. ‘मदत’ला ‘दमत’ म्हणायचा, वाचता वाचता ओळ चुकायचा, आणि जोडाक्षर आले की गप्प. मास्तरांनी सांगितले, “याच्या डोक्यात काही शिरत नाही.” वडिलांनी ते छडीने शिरते का, हे पाहिले. शेवटी आई त्याला घेऊन आली. आत येताना तिने दबक्या आवाजात विचारले, “इंजेक्शन देणार का हो?” आणि मग त्याहूनही हळू, “कुणाला कळणार तर नाही ना?”

दोन्ही प्रश्नांचे उत्तर ‘नाही’ असे आहे. इथे ना सुई, ना यंत्र. एक टेबल, दोन खुर्च्या, काही चित्रे आणि लाल-पांढऱ्या रंगांचे ठोकळे. आणि इथली गोष्ट इथेच ठेवायची, हे आता केवळ आमच्या सभ्यतेवर सोडलेले नाही; 2017 च्या मानसिक आरोग्य कायद्याने रुग्णाला तसा हक्कच दिला आहे.

मात्र चाचणीच्या आधी डोळे आणि कान तपासून घ्यायचे. हा धडा जुना आहे. 1896 साली अमेरिकेत लाइटनर विटमर या प्राध्यापकांनी पहिले मानसशास्त्रीय चिकित्सालय सुरू केले. तिथे आलेला पहिलाच मुलगा इतर बाबतीत ठीक, पण शब्दांचे स्पेलिंग म्हणून त्याला यायचे नाही. तपासता त्याच्या दृष्टीतही दोष निघाला. चष्मा दिला, आणि मग शिकवणी सुरू केली.

आमच्या मुलाचे डोळे-कान उत्तम होते. मग ठोकळे पुढे ठेवले. “या चित्रातल्यासारखी नक्षी जुळव बरं,” म्हटले. हा हा म्हणता त्याने जुळवली. पुढची अवघड होती, तीही. विसंगती ओळखायला दिली, तर खुदकन हसून त्याने चूक दाखवली. आकडे उलट्या क्रमाने म्हणताना थोडा अडखळला. आणि वाचनाचा कागद पुढे आला तेव्हा तोच मुलगा पोट धरून बसला.

या चाचण्यांचा उगम ‘ढ’ मुलांच्या काळजीतूनच झालेला आहे. पॅरिसमध्ये कोणत्या मुलांना शाळेत वेगळी मदत लागते हे ठरवण्यासाठी आल्फ्रेड बिने आणि थेओदोर सिमाँ यांनी 1905 साली 30 प्रश्नांची मोजपट्टी तयार केली. बुद्धी म्हणजे जन्मभर न हलणारा दगड आहे, हे बिनेला मान्य नव्हते. त्याने त्याविरुद्ध तळमळीने लिहिले आहे. तो 1911 साली वारला. पुढच्याच वर्षी विल्यम स्टर्न यांनी मानसिक वयाला खऱ्या वयाने भागण्याची युक्ती काढली. त्या भागाकाराला 100 ने गुणले की झाला बुद्ध्यांक! ज्याने मदतीसाठी पट्टी केली त्याच्यामागे जगाने तिचा शिक्का केला.

परकी पट्टी आपल्या मुलांना जशीच्या तशी लावता येत नाही. डॉ. व्ही. व्ही. कामत यांनी मराठी आणि कानडी मुले तपासून ती इकडच्या मुलांसाठी बसवली. त्यांचे त्याविषयीचे पुस्तक 1940 सालचे. 1960 च्या दशकात नागपूरच्या बालमार्गदर्शन केंद्रात मॅलिन यांनी वेक्स्लरच्या चाचणीचे भारतीय रूप सिद्ध केले. पण या पट्ट्याही जुन्या होतात. पिढी बदलते, सरासरी बदलते, आणि जुन्या पट्टीवर आजचे मूल उगीच उंच दिसते. म्हणून कोणी नुसता आकडा हातात दिला, तर ‘कोणत्या चाचणीचा?’ असे जरूर विचारावे. त्या दिवशी मूल तापातून उठलेले होते का, घाबरले होते का, हेही विचारावे. आणि चाचणी घेणारा चिकित्सा-मानसशास्त्रज्ञ असेल तर भारतीय पुनर्वास परिषदेची त्याची नोंदणी आहे ना, हे पाहायला संकोच कसला? रेडिओ दुरुस्तीला देतानासुद्धा आपण चार ठिकाणी चौकशी करतो.

निष्कर्ष ऐकायला त्या मुलाचे वडील आले. मी सांगितले, “बुद्धी चांगली आहे. वयाला साजेशी, काही बाबतीत सरसही. दोष वाचनापुरता आहे. अक्षर आणि त्याचा आवाज यांची सांगड त्याला जड जाते. आळस नव्हे हा. याला अध्ययन अक्षमता म्हणतात. 2016 च्या कायद्यात तिची नोंद आहे, आणि रीतसर दाखला मिळाला तर परीक्षेत जादा वेळ मिळतो.”

ते बराच वेळ खाली पाहत राहिले. मग म्हणाले, “मग मी त्याला मारलं, ते कशाबद्दल?”

याला माझ्यापाशी उत्तर नव्हते.

वाचनासाठी खास शिकवणी सुरू झाली: पाटीवर बोटाने अक्षर गिरवत आवाज म्हणायचा, रोज थोडा वेळ. पण पोटदुखीचे काय? ती भीती होती, आणि भीती दटावून जात नाही. 1924 साली मेरी कव्हर जोन्स यांनी सशाला भिणाऱ्या एका लहानग्यावर उपचार केले, ते वाचण्यासारखे आहेत. तो खाऊ खात असताना ससा दूर ठेवायचा, आणि दर वेळी थोडा जवळ आणायचा. अखेर पोरगा सशाला कुरवाळू लागला. आम्ही सशाच्या जागी पुस्तक ठेवले. आधी नुसती चित्रे, मग एक शब्द, मग एक ओळ. चार महिन्यांनी तो एक पान वाचू लागला. हळू, पण पोट न धरता.

मानसोपचार मोठ्या माणसांचाही असाच असतो. आठवड्याला एक ठरलेला तास, आणि समोर आपल्याला दटावणार नाही असा माणूस. पुष्कळांना वाटते, बोलून काय होणार! अन् वेडाशिवाय तिथे कोण जातो? जातात. झोप उडालेली माणसे जातात, घरात कोणी गेल्यावर सावरता न आलेली जातात. कधी औषधही लागते. ते मनोविकारतज्ज्ञ डॉक्टरांनी द्यायचे. जवळ दवाखाना नसेल तर 2022 पासून सरकारची टेलिमानस सेवा आहे. 14416 या क्रमांकावर मराठीत बोलता येते, पैसे पडत नाहीत.

त्या मुलाच्या शिकवणीचा शेवटचा दिवस होता. वडील त्याला बाहेर बसवून एकटेच आत आले. हाताला ग्रीस तसेच. म्हणाले, “साहेब, मी सातवीत शाळा सोडली. मलाही ढ म्हणायचे. दुकानाचं बिल बायको लिहिते. या वयात माझी चाचणी होते का?”

मी ठोकळ्यांची पेटी पुन्हा उघडली.