गोटमारीची दवंडी

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी बोरगावकरांपुढे दोन वाटा असतात: दक्षिणेस नागपुरात मारबतींची मिरवणूक, पश्चिमेस पांढुर्ण्याची गोटमार. तेथे जाम नदीच्या पात्रात पळसाचे झाड रोवले जाते, आणि ते हस्तगत करण्यासाठी पांढुर्णा व सावरगाव या दोन काठांवरची मंडळी एकमेकांवर दगड फेकतात. दरवर्षी शेकडो जखमी होतात. माणसे दगावलीही आहेत.

अशा मेळ्याला वस्तुतः जाहिरात कशाला हवी? तिथी पंचांगातच आहे. तरीही व्हॉट्सॲपवरून त्याच्या चित्रफिती गावोगाव पोहोचतात. त्यांत आरोळ्या असतात, जखमांचे टाके नसतात. पूर्वी कोतवाल दवंडी पिटी. ती कोणाच्या हुकमाने, हे त्याला चावडीपाशी विचारता येई. हातोहात फिरणाऱ्या संदेशाबद्दल विचारावे कोणाला? गतवर्षीचे चित्रही त्यात ताजे म्हणून सहज खपते.

२०२३ साली पांढुर्णा स्वतंत्र जिल्हा झाला. जिल्हा कचेरीने याच साधनाने, आपले नाव व साल घालून, एवढे कळविले तरी पुष्कळ होईल: कोणता रस्ता बंद आहे, मलमपट्टीची सोय कोठे आहे, आणि मुलांना नदीकाठी आणू नये.