पाळण्यापाशी उभं राहताना

आम्ही बाराजणी आज रेडिओवर पहिल्यांदाच बोलतो आहोत. आम्ही आजूबाजूच्या पाच गावांतल्या बचतगटांच्या बाया. सकाळी भाकरतुकडा बांधून घेतो आणि कामगारांच्या गाडीने एका थीम पार्कात कामाला जातो. कुणी पाळण्याच्या फाटकावर उभी असते, कुणी पाण्याच्या भागात कपडे बदलायच्या खोल्या सांभाळते, कुणी लॉकरच्या चाव्या देते, कुणाकडे झाडलोट असते.

थीम पार्क म्हणजे काय, हे ज्यांनी पाहिलं नाही त्यांच्यासाठी सांगतो. आपल्या जत्रेत आकाशपाळणा येतो ना, तशीच ही जत्रा, पण बारमाही आणि फार मोठी. आपल्या राज्यात १९८९ साली मुंबईजवळ गोराईला एस्सेलवर्ल्ड सुरू झालं. २०१३ साली खोपोलीजवळ इमॅजिका सुरू झालं. जत्रेत थोड्या पैशांत पाळण्यात बसता येतं. इथे दिवसभराचं तिकीट काढावं लागतं. चार माणसांचं घर आलं तर मोठाच खर्च होतो. कित्येक जण त्यासाठी महिनोन्‌महिने पैसे साठवून येतात. मग त्या एका दिवशी कुणी टाकून बोललं तर ते फार लागतं, आणि कुणी मायेनं वागलं तर तेही ध्यानात राहतं.

आता गंमत अशी की आमचं निम्मं काम लोकांना 'नाही' म्हणायचं आहे. उंची कमी आहे, बसता येणार नाही. हे कपडे चालणार नाहीत. रांग मोडू नका. हे नियम आम्ही केलेले नाहीत, पण ते पाळून घ्यायला तोंडासमोर आम्हीच असतो.

उंचीच्या पट्टीचंच घ्या. मोठ्या पाळण्यांच्या फाटकावर एक पट्टी असते. तिच्याहून बुटक्या मुलाला आत सोडत नाहीत. कारण साधं आहे. बसल्यावर अंगावर जो दांडा येतो, तो ठरावीक अंगाच्या माणसाला आवळून धरेल असा बनवलेला असतो. मूल लहान असलं तर झोक्यात ते खालून सटकू शकतं.

एकदा सहलीतला एक मुलगा आला. वय नऊ-दहा असेल. बरोबरचे सगळे पट्टीला पुरले, हा दोन बोटं कमी पडला. फाटकावरच्या आमच्या मैत्रिणीने पाहिलं, तर बुटातून वर्तमानपत्राची घडी डोकावत होती. मुलांना कळलं असतं तर गावी जाईपर्यंत त्यांनी त्याला चिडवलं असतं. ती काही बोलली नाही. त्याला बाजूला घेऊन खाली बसली आणि तो दांडा कसा काम करतो ते हाताने दाखवलं. मग म्हणाली, "तुझ्या मित्रांचे चष्मे, टोप्या खाली पडतील. विश्वासाचं माणूस पाहिजे. सांभाळशील?" त्याने सगळ्यांच्या टोप्या एकावर एक डोक्यावर चढवल्या, चष्मे खिशात ठेवले आणि पाळणा थांबेपर्यंत जागचा हलला नाही. जाताना त्याने पट्टीला पुन्हा पाठ लावून पाहिली. "पुढच्या वर्षी येतो," म्हणाला.

नियम मोडून त्याला बसवलं असतं तर ती माया झाली नसती. तो जिवाशी खेळ झाला असता. पण 'चल हो बाजूला' असं म्हणून त्याला घालवणंही बरं नव्हतं. या दोन्हींच्या मधे थोडी जागा असते, ती आम्ही रोज शोधत असतो.

पाण्याच्या भागात साडी नेसून उतरता येत नाही. सुती कपड्याचे धागे पाणी गाळायच्या यंत्रात अडकतात, आणि घसरगुंडीवर पदर अडकला तर जिवावर बेतू शकतं. म्हणून नायलॉनचे कपडे घालावे लागतात, ते भाड्याने मिळतात. एकदा नऊवारी नेसलेल्या एक आजी आल्या. त्यांना ते कपडे नको होते. सुना-नातवंडं पाण्यात गेली आणि आजी पिशव्या राखत सकाळपासून बाकावर बसल्या. खोल्या सांभाळणाऱ्या आमच्या मैत्रिणीने दोनदा जाता-येता पाहिलं. तिसऱ्यांदा तिने पाण्यावरच्या रक्षकाला विचारलं. लाटांच्या तलावात जिथे पाणी कडेला पातळ होऊन येतं, तिथे बाहेर खुर्ची ठेवायला तो हो म्हणाला. आजींनी लुगडं जरा वर खोचलं आणि पाय पाण्यात सोडले. तेवढ्यात यंत्र सुरू झालं, लाट आली. आजींनी मैत्रिणीचा हात घट्ट धरला आणि लहान पोरीसारख्या हसायला लागल्या.

"समुद्र असाच असतो का गं?" त्यांनी विचारलं. आमची मैत्रीण खाडीकाठची. ती म्हणाली, "असाच असतो आजी, फक्त तो मधे थांबत नाही."

सख्यांनो, उभा जन्म दुसऱ्यांच्या पिशव्या राखण्यात गेलेल्या अशा किती बाया आपल्या घराघरांत असतील!

आता एक अवघड दिवस सांगतो. दिवाळीच्या सुटीत गर्दी फार होती. चारेक वर्षांची एक मुलगी आमच्या झाडणाऱ्या मैत्रिणीला एकटी सापडली. नाव विचारलं तर सांगे, आईचं नाव विचारलं तर 'आई' एवढंच. अशा वेळी आम्ही मुलाला घेऊन गर्दीत शोधत फिरत नाही. एक जण मुलाजवळ थांबते, दुसरी ऑफिसला कळवते. कुणी 'माझं मूल' म्हणत आलं तरी खातरजमा केल्याशिवाय आणि मुलाने ओळखल्याशिवाय ताब्यात देत नाही.

अर्ध्या तासाने आई-बाप आले. बाप पोरीला उचलून घेण्याआधी बायकोवरच ओरडायला लागला, "तुझं लक्ष कुठे होतं?" माणसं जमली. ती बाई नुसती थरथरत होती. आमच्या मैत्रिणीने आधी तिला खाली बसवलं, पाणी दिलं. मग त्या भाऊंना शांतपणे म्हणाली, "दादा, पोरगी दोघांची आहे. गर्दीत हात कुणाच्याही हातून सुटतो. आधी लेकराला जवळ घ्या." तो गप्प झाला. मग पोरीला छातीशी धरून त्यालाच रडू फुटलं.

संध्याकाळी ती बाई मैत्रिणीला शोधत आली. पैसे देऊ लागली. आम्हाला बक्षीस घ्यायची मनाई आहे. मग तिने पर्समधून कुंकवाची डबी काढली. आमची मैत्रीण मागे सरकली, कारण तिचे मालक वारले त्याला सहा वर्षं झाली. तसं तिने सांगितलंही. ती बाई म्हणाली, "माझी लेक तुम्ही सांभाळलीत. मला दुसरं काही कळत नाही." आणि तिने बोट टेकवलं. परतीच्या गाडीत आम्ही कुणीच त्यावर बोललो नाही. तिने ते कुंकू पुसलं नाही, तशीच घरी गेली.

एका माणसाने दाखवलेली माया त्या दिवसापुरती असते. तिची सोय करून ठेवली तर ती रोज मिळते. त्यासाठी दूरच्या एका पार्कचं उदाहरण सांगण्यासारखं आहे. अमेरिकेत टेक्सास राज्यातल्या सॅन अँटोनियो शहरात गॉर्डन हार्टमन नावाचे गृहस्थ आहेत. त्यांची मुलगी मॉर्गन अपंग आहे. एकदा सुटीत ती पोहण्याच्या तलावात इतर मुलांशी खेळायला गेली, तर ती मुलं पाण्यातून उठून गेली. बापाला ते लागलं. त्यांनी २०१० साली मॉर्गन्स वंडरलँड नावाचं पार्क सुरू केलं. तिथे चाकांच्या खुर्चीसकट झोक्यात आणि चक्रात बसता येतं. अपंग पाहुण्यांना प्रवेश फुकट आहे. २०१७ साली शेजारी पाण्याचं पार्क झालं. तिथे विजेऐवजी दाबलेल्या हवेवर चालणाऱ्या खुर्च्या आहेत, त्या पाण्यात नेता येतात. तिथे अपंग मुलाला आत घेण्यासाठी कुणाची दया यावी लागत नाही. ते आत येणार हे धरूनच पाळणा बांधलेला आहे.

तुमचा गट सहल काढणार असेल तर काही गोष्टी ध्यानात ठेवा. लहान मुलाच्या खिशात फोन नंबरची चिठ्ठी घाला. चुकलो तर कुठे भेटायचं ते आत शिरतानाच ठरवा. उंचीचा आणि कपड्यांचा नियम घरूनच विचारून या, म्हणजे मुलांचा हिरमोड होणार नाही. पिशव्या राखायची पाळी लावा, एकीलाच बसवून ठेवू नका. आणि झाडणारी, फाटकावरची बाई दिसली तर तिच्याशी एखादा शब्द बोला. "ताई, जेवलात का?" एवढं कुणी विचारलं तरी आमचे दुखणारे पाय हलके होतात.