कुंपणच शेत खातं तेव्हा



वस्तीवरचं राखणीचं कुत्रं आज पुढच्या पायानं लंगडतं, चार दिवसांनी मागच्या. मार नाही, काटा नाही. ताप मात्र येतो-जातो. असं कुत्रं ‘कामातून गेलं’ म्हणून सोडून देऊ नका.

रोगप्रतिकारशक्ती म्हणजे शरीराचं कुंपण. काही कुत्र्यांत हे कुंपणच शेत खातं. प्रतिपिंडे जंतूंवर न जाता स्वतःच्याच पेशीकेंद्रातील प्रथिनांवर उठतात. त्यामुळे सांधे, कातडी, मूत्रपिंडे बिघडतात. या आजाराला ल्युपस म्हणतात. कुत्र्यांतील त्याचे वर्णन १९६५ साली अमेरिकेत प्रसिद्ध झाले.

ही प्रतिपिंडे रक्ताच्या ‘ए.एन.ए.’ तपासणीत दिसतात. पण तेवढ्यावर निदान ठरत नाही. गोचिडांमुळे होणाऱ्या एर्लिकिया तापातही ती दिसू शकतात. शिवाय ताप आणि लंगडणं दोन्हीकडे असतं. उपचार मात्र वेगळे. गोचीडतापाला जंतू मारणारं औषध लागतं; ल्युपसला प्रतिकारशक्ती दाबणारं, प्रेडनिसोलोनसारखं. तेच गोचीडतापात चुकून चालू राहिलं, तर जंतूंना रान मोकळं! म्हणून पशुवैद्यकांकडून दोन्ही आजारांची तपासणी करून घ्या. लघवीही तपासा.

तीन गोष्टी ध्यानात ठेवा :

१) माणसांच्या दुखण्यावरच्या गोळ्या कुत्र्याला देऊ नका.

२) बरं दिसलं म्हणून औषध एकदम तोडू नका, डॉक्टर सांगतील तसं कमी करा.

३) ल्युपस संसर्गजन्य नाही. गुरांना, पोराबाळांना तो लागत नाही.

रात्रभर जो आपलं खळं राखतो, त्याच्यासाठी दवाखान्याची एक खेप जरूर करा.