सुरांचे पदर उलगडून दाखवा

वसई, पुणे, नागपूर, पणजीहून आलेल्या गायक मित्रमैत्रिणींनो,

वृंदगान मुंबईला नवे नाही. सलील चौधरींनी बॉम्बे यूथ कॉयर इथेच उभे केले. व्हिक्टर परांजोतींनी इथेच आपला वृंद बांधला आणि त्यांच्यामागे कुमी वाडियांनी तो वर्षानुवर्षे चालवला. परांजोतींची ‘द्रविडियन डिथिरॅम्ब’ ही भारतीय सुरावटींवरची शब्दाविना रचना परदेशातले वृंदही गातात.

परंपरा आहे, श्रोते मात्र बहुतेक गायकांच्या घरचेच, आणि तेही मध्यंतरानंतर घड्याळ बघणारे. दोष त्यांचा नाही. ख्याल असो वा भावगीत, आपला कान एकाच चालीमागे जायला शिकलेला आहे. चार सुरांचा मेळ समोर आला, की तो सवयीने वरची सोप्रानोची चाल धरतो. आल्टो, टेनर, बास हे खालचे आवाज नुसते मागचे गुंजन होऊन राहतात. महिनोन्महिने तालीम करून बसवलेले नेमके हेच कोणाला ऐकू येत नाही!

तेव्हा गाण्याआधी त्यातली एकच ओळ घ्या. आधी बास एकटे, मग टेनर, मग आल्टो, शेवटी सगळे मिळून. दोन मिनिटांचे काम. त्यानंतर श्रोता आपणहून बास कुठे चालला आहे ते शोधू लागतो. निवेदनात कवीला मिळालेल्या पुरस्कारांची यादी वाचण्यापेक्षा हे कितीतरी उपयोगाचे. निवेदक मंडळींनी राग मानू नये. स्वागताध्यक्ष म्हणून मलाही हाच नियम लागू आहे.

आणि त्या गाण्यांच्या फायली! गायकांचे डोळे फायलीत, संचालकाची पाठ श्रोत्यांकडे. मग लोकांनी बघायचे कोणाकडे? वारकरी भजनात टाळकरी समोरासमोर उभे असतात, चाल चढली की कडेला बसलेलाही टाळी धरतो. वसईकरांना तर सांगायलाच नको, त्यांच्या चर्चमधल्या मिस्सेत सारी मंडळी गातात. मग रंगमंचावरून एखादे ध्रुवपद शिकवून श्रोत्यांकडून म्हणवून घ्यायला काय हरकत आहे?

आज संध्याकाळी प्रेक्षागृहातले दिवे आम्ही पूर्ण मालवणार नाही. गाण्यांचे शब्द प्रत्येक खुर्चीवर छापील मिळतील. प्रत्येक वृंदाने निदान एक गाणे फाईल बाजूला ठेवून, आधी एका ओळीतले सुरांचे पदर उलगडून सादर करावे, एवढी माझी विनंती आहे.