चार दिवस आणि चार भाग

मालिका पाहण्याचें मला व्यसनच आहे. म्हणून ही तक्रार घरच्याची समजावी. 'चार दिवस सासूचे' ही मराठी मालिका २००१ सालीं सुरू झाली. ते चार दिवस सरले २०१३ मध्यें! भाग ३,००० हून अधिक. लोकप्रिय कथा लांबवावी, ही रीत आजही आहे. २०२५ सालची 'अडॉलसन्स' ही इंग्लंडमधील मालिका मात्र ४ भागांतच आटोपते. १३ वर्षांच्या मुलावर शाळेंतील मुलीच्या खुनाचा आरोप येतो. प्रत्येक भागाचें चित्रण अखंड. त्यामुळें त्या कुटुंबापासून आपणांसही दृष्टि वळवितां येत नाहीं. शेवटीं बाप मुलाच्या रिकाम्या बिछान्यावर रडतो. आपण कोठें चुकलों, याचें उत्तर लेखक देत नाहींत. त्या रात्रीं मुलाच्या खोलीचें दार मी कित्येक दिवसांनीं ठोठावलें.