डोळ्यातील पांढरी चमक आणि आपले कर्तव्य



आजचा माझा विषय वसंताला साजेसा नाही. तो आहे लहान मुलांच्या डोळ्यांतील कर्करोगाचा, आणि त्यांच्या आईबापांना द्यावयाच्या मदतीचा.

या रोगाला डॉक्टर ‘रेटिनोब्लास्टोमा’ म्हणतात. डोळ्याच्या आतल्या पडद्यावर गाठ वाढते. रोग तसा विरळा. सुमारे १५ ते २० हजार जन्मांमागे एक. तो बहुधा ५ वर्षांच्या आतच दिसतो. दिव्याच्या उजेडात मुलाची बाहुली काळी दिसण्याऐवजी पांढरी चमकते, किंवा डोळा तिरळा होऊ लागतो. हे प्रथम पाहते ती बहुधा आईच. तिला घरातली माणसे सांगतात, “अगं, मोठा झाला की जाईल.” या एका वाक्याने मोलाचे महिने वाया जातात. वेळीच उपचार मिळतात अशा संपन्न देशांत १०० पैकी ९५ हून अधिक मुले जगतात. तेव्हा प्रश्न केवळ औषधाचा नाही, वेळेचाही आहे.

गाठ लहान असली तर औषधांनी, लेसरने डोळाही वाचू शकतो. फार वाढली तर जीव वाचविण्यासाठी डोळा काढावा लागतो. हे ऐकून कित्येक आईबाप मूल उचलून घरी नेतात. त्यांना निष्ठुर म्हणणे सोपे आहे. पण त्या घटकेला त्यांच्याजवळ बसून समजावणारे माणूस कोठे असते? मदतीचा पहिला अर्थ हाच.

दुसरा अर्थ मुक्कामाचा. आपल्या खारीतून भाईंदर स्टेशन गाठावे, लोकलने प्रभादेवीला उतरावे, की परळचे टाटा स्मारक रुग्णालय जवळच. हे रुग्णालय १९४१ साली टाटांच्या दानातून उभे राहिले. आपण संध्याकाळी घरी परततो. पण विदर्भातून वा बिहारातून आलेल्या शेतमजुराने कोठे परतावे? औषधाच्या फेऱ्या तीन-चार आठवड्यांच्या अंतराने महिनोन् महिने चालतात. मजुरी बुडते, धाकटी भावंडे गावी शेजाऱ्यांकडे राहतात.

कोणी म्हणेल, सरकारची महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना आहे ना? आहे, आणि तिचा आधार मोठा आहे. पण ती रुग्णालयाचे बिल भागवते. बापाची बुडालेली मजुरी कोण भागवणार? पैसा संपला की उपचार अर्धवट सुटतात, आणि अर्धवट सुटलेला उपचार मुलाच्या जिवावर बेततो.

ही उणीव ओळखणारी माणसे आपल्याकडे झाली. दादरच्या गाडगे महाराज धर्मशाळेत कर्करोगाचे रुग्ण आणि त्यांचे नातलग आसरा घेतात. कीर्तनातून माणुसकी शिकवणारे बाबा १९५६ साली गेले, पण त्यांच्या नावाने दार उघडे आहे. २००६ साली मुंबईत सुरू झालेल्या सेंट ज्यूड संस्थेने कर्करोगग्रस्त मुलांच्या कुटुंबांसाठी विनामूल्य निवासाची सोय केली. तेथे आईला स्वतःची चूल मांडता येते. भिक्षा आणि आधार यांतला फरक त्या चुलीत आहे!

उपचार संपल्यावरही गरज सरत नाही. मूल वाढते तसा कृत्रिम डोळा बदलावा लागतो. काही घरांत हा रोग आनुवंशिक असतो. तेथे पाठच्या भावंडांचे डोळेही जन्मापासून तपासावे लागतात. म्हणून गणपतीच्या वर्गणीसारखे वर्षातून एकदा दिलेले दान पुरत नाही. दरमहा थोडे, पण न चुकता दिलेले, अधिक कामाचे. ज्याला पैसा देता येत नाही त्याने एखाद्या कुटुंबाबरोबर रुग्णालयाच्या रांगेत उभे राहावे; हेही दानच आहे.

आणि एक काम तर बिनखर्चाचे. आज घरी गेल्यावर आपल्या, शेजारच्या मुलांच्या डोळ्यांकडे नीट पाहा. पांढरी चमक दिसली तर उद्यावर ढकलू नका, नेत्रवैद्याकडे जा. आई काळजीने काही सांगत असेल तर तिचे ऐका.